दीड किलोमीटर

पौषातलं धुकं रंकाळ्यावरून उठून
आमच्या दुधाळीत शिरलंय,
आणि बॉनेट उघडलं तर डब्यातही तसंच,
दुधाळ.
दिवसभर मी लॅबमध्ये लोकांचे नमुने बघते.
हे तेल नव्हे, एवढं मला कळतं.
निवलेल्या चहावर धरते तशी साय,
खाली वाटीभर पाणी,
वास मात्र जळक्या डिझेलचा.

उद्यमनगरात रसूलचाचा मुल्लाणींनी
डबा काढून उजेडाकडं धरला.
शेजारच्या लेथवरून अ‍ॅल्युमिनियमच्या चकल्या
गरम गरम जमिनीवर पडत होत्या.
‘रोज किती लांब जातीस?’
दसरा चौक. दीड किलोमीटर. येताना दीड.
‘मग गाडीला कशाला बोल लावतीस?’

चाचा वेस्टच्या बोळ्याला हात पुसत राहिले.
‘इंजिन बी श्वास सोडतंय, बाई.
थंडीत तुझ्या तोंडातनं वाफ निघती का न्हाई, तशी.
तापलं की ती जाती निघून.
तू तापायच्या आतच चावी फिरवतीस.
मग वाफ बसती डब्यात, तेलात पाणी मुरतंय, नळी तुंबती.
दम कोंडला की डिपस्टिक उडती,
न्हाईतर सील फाटतंय.
माझा थोरला लेहला ट्रक घेऊन जातोय,
तिकडं ह्याचा दगड होतोय म्हणे.
आपल्याकडं नुस्तं दही.’

मग झाकण उलटं करून बघितलं.
‘कुणी केलाय? काम चोख हाय.’
भावानं, म्हटलं. जिनगोंडानं.
जुन्या पंपाच्या भंगारातून
ह्याच गल्लीत कातून घेतलेला,
झाकणावर पंचनं ठोकलेला एक प.
प पद्मावतीचा की पाण्याचा,
विचारायचं राहिलं.
थंडीत दर आठवड्याला रिकामा करायचा,
हे त्यानंच सांगितलेलं,
तेव्हा आम्ही भांडतसुद्धा होतो.

आता रविवारी फोन येतो.
बरी हाईस? बरी. ऊस? चाललाय.
आईच्या गोळ्या? आणल्या.
दोन मिनिटं अकरा सेकंद.
ठेवतो.

‘गगनबावड्याच्या रस्त्याला लाव,’ चाचा म्हणाले,
‘तासभर. कुठं थांबू नको.’

फुलेवाडी. बालिंग्याचा पूल.
पुढं उसाच्या दोन ट्रेलरी डुलत चाललेल्या,
ओव्हरटेक करावं तर समोरून तिसरी.
कुडित्र्याच्या पुढं केव्हातरी
काटा मधोमध येऊन टेकला,
ह्या महिन्यात पहिल्यांदा.
आणि कळ्याच्या अलीकडं, डाव्या हाताला,
गुऱ्हाळाचा धूर.

थांबू नको म्हणालेले चाचा.

जिनगोंडा काहिलीवर वाकलेला.
भेंडीचं पाणी सोडून
वर आलेली मळी झारीनं ओढत होता,
काळपट, फेसाळ, कडेकडेनं.
मान वर न करता म्हणाला,
‘गाडी चालू का ठेवलीयस?’
तापू दे म्हणालेत.
‘कोण?’
मुल्लाणी.
झारी गड्याच्या हातात देऊन तो आला.
बॉनेटवर तळवा ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
डबा काढला, हुंगला, तळाला बोट फिरवलं.
आत चमचाभर तेल, नितळ.

‘नळीला वारा लागतोय,’ स्वतःशीच म्हणाला.
‘माझंच चुकलं. पुढं बसवायला नको होता.’
मग बारदानाची एक पट्टी फाडली,
नळीभोवती गुंडाळली, वरून सुतळी आवळली.
हे बघून चाचा शिव्या देतील, म्हटलं.
‘एक्झॉस्टपास्नं वीतभर लांब हाय. देऊ देत.’
आईचं नाव कुणीच काढलं नाही.
जाताना त्यानं मागच्या सीटवर
एक ढेप टाकली, गरम,
कागदसुद्धा न गुंडाळता.

सोमवारपासून पुन्हा दीड किलोमीटर.
बारदानाला गुळाचा हात लागलाय,
मुंग्या नळीपर्यंत येतात,
इंजिन सुरू झालं की परत फिरतात.

रविवारी फोन.
बरी हाईस? बरी.
मग थोडा वेळ पलीकडं नुसती
काहिलीची रटरट.
‘किती निघालं?’
अर्धी वाटी.
‘रंग?’
चहाचाच. दूध कमी.
‘हं,’ म्हणाला, आणि ठेवला नाही.